गोफण आणि ड्रायव्हर: गोल्फ स्विंगमधली ताकद कुठे गळते, ती कशी वाचवायची

ज्वारी हुरड्यात आली की आजोळच्या शेतात माळा उभा राहायचा आणि त्यावर आईची मावशी गोफण घेऊन बसायची. तिचे हात अगदी बारीक. पण तिने सोडलेला खडा दोन बांध ओलांडून थेट भोरड्यांच्या थव्यावर जायचा. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. सगळा जीव एकवटून गोफण गरगरा फिरवायचो आणि खडा जेमतेम पहिल्या बांधापर्यंत पोचायचा. एकदा तिने मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, खड्याकडे बघू नको, माझ्या हाताकडे बघ. दोरीचं एक टोक तिच्या मधल्या बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. डोक्याभोवती दोन फेरे झाले, मग खांदा पुढे आला, मागून कोपर आलं, आणि शेवटी हात जवळजवळ जागच्या जागी थबकला. तो थबकला त्याच क्षणी दोरी त्याला मागे टाकून पुढे गेली, चिमूट सुटली आणि फट्ट असा आवाज झाला.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो आणि चाळिशीत गोल्फ शिकायला लागलो. पहिली तीन वर्षं ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब फटक्याची गोल्फची काठी (क्लब), हातात आला की खांदे, दंड, मनगटं, सगळ्यांचा जोर एकदम लावायचो. चेंडू १८० यार्डांपुढे जाईना आणि अठराव्या होलपर्यंत कंबर धरायची. मी व्यवसायाने यंत्र-अभियंता. कारखान्यात उत्पादन कमी पडलं की नवी मोठी मोटर मागवण्याआधी आम्ही बघतो, की आहे त्या मोटरची ऊर्जा वाटेत कुठे वाया जातेय. पट्टा सैल आहे का, बेअरिंग गरम होतंय का. स्विंगकडे तसं बघायला लागलो तेव्हा गोफण आठवली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच अंगाने, त्याच वयात, चेंडू तीसेक यार्ड पुढे जायला लागला. कंबरही दुखायची थांबली. ते ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने इथे सांगतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढायला जातात.

(सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

आधी दोनशे ज्यूलचा हिशोब

ड्रायव्हरच्या क्लबहेडचं, म्हणजे टोकाच्या डोक्याचं, वजन साधारण २०० ग्रॅम. चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये. क्लबहेड ताशी १०० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ४४.७ मीटर वेगाने आलं, तर त्यात २०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. २० किलो तांदळाची गोणी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते, तेवढीच. ही ऊर्जा तुमच्या-माझ्या अंगात भरपूर आहे. अडचण एवढीच, की डाउनस्विंगला (क्लब वरून चेंडूपर्यंत यायला) वेळ मिळतो जेमतेम पाव सेकंद, आणि तेवढ्यात ती पायांपासून निघून कंबर, छाती, दंड, मनगटं, शाफ्ट (क्लबचा दांडा) असा प्रवास करून त्या छोट्या क्लबहेडमध्ये पोचली पाहिजे. बाकी जोर स्वतःचं अंग हलवण्यात खर्च होतो.

फटका मधोमध बसला तर त्या २०० पैकी साधारण १०० ज्यूल चेंडूला मिळतात. ८५-८७ क्लबहेडमध्येच उरतात, कारण ते चेंडूला लागून थांबत नाही, पुढे जातच राहतं. उरलेले दहा-बारा ज्यूल चेंडू चेपण्यात, उष्णतेत आणि आवाजात जातात. क्लबफेस (क्लबहेडची चेंडूला लागणारी बाजू) आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. मेंदूचा निरोप मनगटापर्यंत पोचायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून चेंडूपाशी आल्यावर शेवटचा जोर लावणं ही कल्पनाच मनातून काढून टाका. जे व्हायचं ते त्याआधी होऊन गेलेलं असतं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या वेगाने भागलं की जो गुणक येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरचा तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास जातो. क्लबफेसच्या लवचिकपणावर नियमांनी मर्यादा घातलेली असल्यामुळे महागडा ड्रायव्हर घेऊनही तो फारसा वर सरकत नाही. खाली मात्र कितीही येऊ शकतो, आणि पहिली मोठी गळती तिथेच असते.

पहिली पायरी: क्लबफेसवरचा डाग बघा

समजा, तुमच्या क्लबहेडचा वेग ताशी ९५ मैल आहे. स्मॅश फॅक्टर १.४८ असेल तर चेंडू ताशी साधारण १४० मैलांनी निघतो. फटका कडेला बसून तो १.३८ झाला, तर १३१ मैलांनी. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे कॅरीमध्ये (हवेतून कापलेल्या अंतरात) सुमारे दोन यार्ड. म्हणजे स्विंग तोच, दमणूक तीच, आणि अठरा यार्ड गेले. हेच अठरा यार्ड वेग वाढवून मिळवायचे म्हटलं तर क्लबहेडचा वेग ताशी सहा मैलांनी वाढवावा लागेल. त्याला कित्येक महिन्यांची मेहनत लागते. फटका मधोमध आणायला कधी कधी दोन आठवडे पुरतात.

त्यासाठी लॉन्च मॉनिटर (चेंडूचा वेग मोजणारं यंत्र) लागत नाही. व्हाइटबोर्डवर लिहायचं मार्कर घ्या. चेंडूवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका भरा आणि तो क्लबफेसच्या बाजूला येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा. फटक्यानंतर ठिपक्याचा डाग क्लबफेसवर उमटतो. त्याचा फोटो काढा, ओल्या फडक्याने पुसा, पुढचा चेंडू. असे दहा. दहा फोटो ओळीने बघितले की मनातले सगळे समज गळून पडतात. माझे दहापैकी सात डाग टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला होते. मला मात्र तीन वर्षं वाटत होतं की माझा फटका नेहमी पुढच्या टोकाला लागतो.

डाग टाचेकडे असतील तर बहुधा डाउनस्विंगमध्ये तुमचं अंग चेंडूकडे सरकतंय. कंबर पुढे येते, हातांना जागा उरत नाही. टोकाकडे असतील तर उभं राहताना तुम्ही लांब आहात, किंवा हात आखडताय. डाग क्लबफेसच्या खालच्या कडेला असतील तर टी उंच करा. क्लब टेकवल्यावर अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वर दिसला पाहिजे. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. मधल्यापेक्षा किंचित वर लागलेला फटका सगळ्यांत लांब जातो, कारण तिथून चेंडू उंच निघतो आणि त्यावर उलटी फिरकी कमी असते.

दहापैकी सहा डाग पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ येईपर्यंत पुढच्या पायऱ्यांना हात लावू नका. या काळात साठ-सत्तर टक्केच वेगाने मारा. रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) इतर लोक काय म्हणतील याचा विचार नको.

मोजण्याबद्दल एक सूचना. रेंजवरचे चेंडू झिजलेले असतात, ते कमीच जातात. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर, तिथली हवा थोडी विरळ, त्यामुळे तोच फटका मुंबईपेक्षा काही यार्ड जास्त जातो. थंडीतल्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारीही फरक पडतो. म्हणून स्वतःची तुलना करायची तर तीच रेंज, तीच वेळ, त्याच प्रकारचे चेंडू.

दुसरी पायरी: लाटण्यासारखी पकड

पोळी लाटताना लाटणं मुठीत आवळून धरलं तर पोळी फिरत नाही, जागच्या जागी दबते. बोटं हलकी ठेवली की लाटणंही फिरतं आणि पोळीही. क्लबची पकड तशी हवी. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी तिरका ठेवा, तळव्याची गादी वरून येऊ द्या. मूठ आवळली की कोपराखालचे स्नायू ताठरतात, ते ताठरले की मनगट दुमडत नाही, आणि मनगट दुमडलं नाही की गोफणीची दोरीच काठी होऊन जाते. काठीने खडा फेकून बघा, किती जातो ते कळेल.

लोक मूठ का आवळतात? बहुतेक वेळा क्लब हातातून निसटेल या भीतीने, आणि ती भीती खरी असते, कारण ग्रिप गुळगुळीत झालेली असते. मुंबईच्या, कोकणच्या घामट हवेत रबर लवकर बुळबुळीत होतं. महिन्यातून एकदा ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या दातब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. तरी चकाकत असेल तर बदला. नव्या ड्रायव्हरच्या किमतीत कितीतरी वेळा ग्रिप बदलून होतात, आणि माझ्या अनुभवात त्यातून मिळणारी लांबी जास्त. पावसाळ्यात बॅगेत दोन कोरडे हातमोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

तिसरी पायरी: मागे जाताना घाई नको, कंजूषपणाही नको

कार्य म्हणजे बळ गुणिले अंतर, हे शाळेत शिकलेलं सूत्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. हात जितका लांब रस्ता कापून खाली येतील, तितकं तेवढ्याच बळातून जास्त काम होतं. बॅकस्विंग आखूड करून वर जोर लावणारा माणूस स्वतःचा रस्ता स्वतःच कापतो.

साधारण माप असं सांगतात, की वर पोचल्यावर खांदे ९० अंश वळलेले असावेत आणि कंबर त्याच्या निम्मी. पन्नाशीनंतर पाठ एवढी वळत नाही. मग बरेच जण हात उचलून ती कमतरता भरून काढतात. खांदे वळलेलेच नसतात, फक्त क्लब डोक्यावर जातो. ही फसवी उंची आहे, तिच्यात काही साठत नाही. त्यापेक्षा डावी टाच उचलू द्या. जॅक निकलॉससारखा खेळाडू आयुष्यभर टाच उचलूनच खेळला. टाच सुटली की कंबर जास्त वळते, कंबरेबरोबर पाठ वळते आणि माकडहाडाच्या वरचा ताण कमी होतो. उजवं पाऊल पाच-दहा अंश बाहेर वळवून उभं राहिलात तरी फरक पडतो.

लयीचं म्हणाल तर चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ घेतो: पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली. तीन मात्रा वर, एक मात्रा खाली. तबल्याचा कान असेल तर चटकन जमतं; नसेल तर मनात "एक, दोन, तीन" म्हणत वर जा आणि चौथ्याला चेंडू गाठा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की बॅकस्विंग जितका हळू तितका चांगला. पाऊण सेकंद हा काही फार मोठा वेळ नाही. भरलेली घागर उचलावी तसा जपून मागे नेलेला क्लब वर जाऊन थांबतो, आणि थांबलेल्या क्लबला पुन्हा शून्यातून हलवावं लागतं.

चौथी पायरी: वळण

सगळा लेख खरं तर या एका क्षणासाठी आहे. क्लब वर जायचा थांबतो आणि खाली यायला लागतो, त्या वळणावर निम्म्याहून जास्त हौशी खेळाडूंची ताकद सांडते.

चांगल्या स्विंगमध्ये कंबर, छाती, दंड आणि क्लब यांचा फिरण्याचा वेग मोजला तर प्रत्येकाचा कळस एकामागून एक येतो. आधी कंबरेचा, मग छातीचा, मग दंडांचा, शेवटी क्लबचा. प्रत्येक कळस आधीच्यापेक्षा उंच असतो. इथवर सगळेच सांगतात: "कंबर आधी सोडा." पण त्या आलेखात अर्धी गोष्ट उताराची आहे. कंबर कळसाला पोचून मंदावते, तेव्हा छाती वेग घेते. छाती मंदावते, तेव्हा दंड. दंड मंदावतात, तेव्हा क्लब सुटतो. मावशीआजीचा हात थबकला होता तो याचसाठी. हात पुढे पुढेच जात राहिला असता तर दोरीने त्याला मागे टाकलं नसतं आणि ऊर्जा हातातच राहिली असती. म्हणून नुसतीच कंबर गरकन फिरवणाऱ्यांना लांबी मिळत नाही. त्यांची कंबर थांबतच नाही, क्लब मागे राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो.

उलट चूक जास्त जण करतात. वर पोचल्या पोचल्या उजवा खांदा आणि हात पुढे झेपावतात, कारण मनाला मारायची घाई असते. क्लब बाहेरून आत येतो, मनगटं अर्ध्या वाटेतच उलगडतात. क्लबहेडचा सर्वांत जास्त वेग उजव्या पायापाशीच येऊन जातो आणि चेंडूपर्यंत पोचेतो तो उतरणीला लागलेला असतो. वर स्लाइस (हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका) मिळतो तो वेगळा.

हे तपासायला उलटा क्लब वापरा. ड्रायव्हर उलटा करा, शाफ्ट क्लबहेडजवळ धरा आणि चेंडू नसताना पूर्ण स्विंग करा. शाफ्ट हवेतून जाताना "सूंऽऽ" असा आवाज येतो. डोळे मिटून ऐका, तो सर्वांत मोठा कुठे होतो. उजव्या खांद्यापाशी किंवा उजव्या पायासमोर असेल, तर तुम्ही आधीच खर्च करून बसलाय. तो चेंडूच्या जागी, आणि जमलं तर त्याच्या किंचित डावीकडे आला पाहिजे. मी गच्चीवर रोज संध्याकाळी असे वीस स्विंग करायचो. आवाज उजवीकडून डावीकडे सरकायला तीन आठवडे लागले. तो सरकताना जाणवलेली गोष्ट म्हणजे, आवाज जितका डावीकडे गेला तितके हात हलके वाटायला लागले.

दुसरा सराव पाऊल टाकण्याचा. सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) घ्या. दोन्ही पाय जुळवून, चेंडूसमोर उभे राहा. क्लब मागे न्यायला सुरुवात करा. क्लब अजून वर जातोय, कंबरेच्या वर आलाय, तेवढ्यात डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेने फूटभर टाका. पाऊल टेकतं तेव्हा क्लब अजून मागेच निघालेला असतो. खालचं अंग डावीकडे, वरचं अजून उजवीकडे; डाव्या कंबरेपासून काखेपर्यंत एक तिरपा ताण जाणवतो. ओला टॉवेल पिळताना दोन हात उलट दिशेने जातात, तसा. त्या ताणाला काही करायला जाऊ नका. तो आपोआप छातीला ओढतो, छाती हातांना ओढते. क्रिकेट खेळलेल्यांना हे लवकर उमगतं, कारण पुढे पाय टाकून ड्राइव्ह मारताना पाय बॅटच्या आधीच पोचलेला असतो. आधी वीस स्विंग चेंडूशिवाय, मग टीवर ठेवून दहा चेंडू, निम्म्या ताकदीने. दहा चेंडूंनंतर नेहमीसारखे उभे राहून दोन मारा, आणि पुन्हा पाऊल टाकायला या.

मनगटांबद्दल एक वाक्य जास्त लिहिलंच पाहिजे. मोठ्या खेळाडूंच्या फोटोत डाउनस्विंगच्या मध्यावर क्लब आणि हात यांच्यात काटकोन दिसतो, त्याला लॅग म्हणतात. तो बघून लोक मनगटं जोर लावून तशीच धरून ठेवतात. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्विंगची तुलना एकाला एक जोडलेल्या दोन लंबकांशी केली होती: वरचा लंबक हात, खालचा क्लब, मधली बिजागरी मनगट. बिजागरी मोकळी असेल तर क्लब सुरुवातीला दुमडलेलाच राहतो आणि वेग वाढला की बाहेरच्या ओढीने आपणहून उलगडतो. ताशी १०० मैलांनी फिरणारं क्लबहेड तुमच्या हातांना पंचवीस किलोहून जास्त वजनासारखं बाहेर ओढत असतं. त्या ओढीपुढे मनगटाचे स्नायू काय करणार? बिजागरीला तेल हवं, कुलूप नको.

पाचवी पायरी: जमीन

कंबरेला ब्रेक लागतो तो डाव्या पायाने. वळणाच्या आधीच वजन डाव्या पायाकडे यायला लागतं, डावा गुडघा किंचित वाकतो, अंग थोडं खाली बसतं, आणि मग तो पाय जमिनीला खाली रेटत सरळ होतो. तुम्ही जमिनीला रेटता, जमीन तुम्हाला रेटते. डावी कंबर वर आणि मागे जाते, ती अडली की छाती पुढे सुटते. गोल्फपटू जस्टिन थॉमस अंगाने लहानखुरा, पण चेंडूपाशी येताना त्याच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या दिसतात. तो उडी मारत नाही, त्याआधी जो रेटा दिला त्याचा तो परिणाम आहे.

हा रेटा वेळेवर द्यायला हवा. डावा हात जमिनीला समांतर आलेला असतो, साधारण त्या वेळेला. चेंडूपाशी पोचून पाय ताठ केला तर उशीर झाला. तेव्हा अंग वर उठतं आणि चेंडू टॉप होतो, म्हणजे क्लब फक्त त्याच्या वरच्या भागाला लागतो.

घरी करायचा प्रयोग सांगतो. वजनाचे दोन काटे शेजारी शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय. क्लब न घेता, हात छातीवर जुळवून, अगदी सावकाश बॅकस्विंग करा. मध्यावर उजव्या काट्याने तुमच्या वजनाचा पाऊण हिस्सा दाखवला पाहिजे. मग खांदे तसेच मागे वळलेले ठेवून फक्त डावा काटा चढवत न्या. खांदे न उघडता डावा काटा वर जातो की नाही, एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी बहुतेकांचे खांदे काट्याबरोबरच उघडतात. हा प्रयोग सावकाशच करायचा. काट्यांवर उभं राहून वेगाने फिरलात तर पाय घसरेल.

बुटांकडे लक्ष द्या. ओल्या गवतावर झिजलेल्या तळव्याचे बूट म्हणजे जमिनीचा रेटाच गेला. स्पाइक फिरवून काढता येतात, वर्षातून एकदा बदला.

सहावी पायरी: ऊर्जा योग्य दिशेला

अमेरिकेतल्या एलपीजीए टूरवरच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक गोल्फमधल्या, खेळाडूंचा ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या धडधाकट हौशी पुरुषांचाही साधारण तेवढाच. पण त्यांची कॅरी २२० यार्डांच्या आसपास जाते आणि आपली जात नाही. फटका मधोमध लागतो हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे त्या ड्रायव्हर वर जाताना मारतात, दोन-तीन अंश चढत्या कोनात. आपण आयर्नसारखा खाली येताना मारतो. मग ऊर्जा उलट्या फिरकीत जाते, चेंडू फुग्यासारखा वर चढून तिथेच पडतो. ताशी ९० मैलांच्या वेगाला पाच अंश खाली आणि पाच अंश वर यांत वीसेक यार्डांचा फरक पडतो.

उपाय साधा आहे. चेंडू डाव्या टाचेसमोर, टी उंच, उजवा खांदा डाव्यापेक्षा स्पष्ट खाली, पाठीचा कणा लक्ष्यापासून थोडा मागे झुकलेला. चेंडूच्या फूटभर पुढे खुंट्यांचा (टींचा) रिकामा खोका ठेवा आणि त्याला न लागता क्लब वरून जाऊ द्या. ताशी ९० मैलांच्या खाली असाल तर नऊ अंशांचा (क्लबफेस मागे कललेला असतो तो कोन) ड्रायव्हर बाजूला ठेवून साडेदहा किंवा बारा अंशांचा वापरून बघा. कडक शाफ्टचा हट्टही नको. एवढं केलं की साधनांवर आणखी वेळ घालवायची गरज नाही.

आता वेग

वेग वाढवण्याची पायरी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. गळक्या नळाला मोठा पंप लावला तर गळतीही वाढते.

ज्यांना पाठीचा, मणक्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण वेगाचे स्विंग करू नयेत. बाकीच्यांनी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड: दहा मिनिटं अंग गरम करून, उलटा धरलेला ड्रायव्हर जितक्या वेगाने फिरवता येईल तितका फिरवायचा. पाच उजवीकडून, पाच डावीकडून, पुन्हा पाच उजवीकडून. दोन स्विंगमध्ये अर्धा मिनिट विश्रांती, कारण दमलेल्या अंगाला आपण हळू फिरायलाच शिकवतो. डावीकडून फिरवणं टाळू नका. थांबायची ताकद तिथून येते.

अंगमेहनतीसाठी आपल्या तालमीतलं जुनं सामान उत्तम आहे. जोर-बैठकांमधल्या बैठका पायांना आणि कंबरेला हवं तेच देतात. रोज तीस पुरेत. मुद्गल मिळाले तर अवश्य फिरवा. पाठीमागून फिरणारं ते वजन खांदे आणि छातीमागचा कणा असा मोकळा करतं की दुसऱ्या व्यायामाने होत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते इथून उचलून आपल्या सैन्याच्या कवायतीत नेले. दोन किलोंच्या जोडीपासून सुरू करा. मॅटवर शंभर-शंभर चेंडू मारणं मात्र टाळा. गवतासारखी ती आत सरकत नाही, क्लब आपटला की धक्का थेट कोपरात जातो.

सहा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त डाग आणि पकड. तिसऱ्या-चौथ्यात उलटा क्लब, पाऊल टाकण्याचा सराव आणि काटे. पाचव्यात टी, खांदे, खोका. सहाव्यात वेगाचे स्विंग सुरू. रेंजवर एका वेळी पन्नास चेंडूंपेक्षा जास्त नको, आणि त्यातले वीस तरी वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटर (चेंडू खळग्यात ढकलायचा क्लब) यांसाठी राखा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. ड्रायव्हरच्या लांबीत ती तिथल्या मागच्या खेळाडूंमध्ये होती. पटरने तिने चार दिवस सगळ्या जगाला जागं ठेवलं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मार्कर काढा, दहा चेंडू मारा, दहा फोटो पहिल्या दहांशेजारी ठेवा. प्रत्येक फटक्यानंतर फिनिशमध्ये चेंडू जमिनीवर पडेपर्यंत उभे राहा: सगळं वजन डाव्या टाचेवर, उजव्या पायाचा फक्त अंगठा टेकलेला, कंबरेची बकल लक्ष्याकडे. तोल गेला तर तो फटका मोजू नका, चेंडू कितीही लांब गेलेला असो.